आर-वर्ग वाढला म्हणजे झाले?

गेल्या वर्षी प्रकल्पासाठी आम्ही तिघांनी एका किराणा दुकानातील साखरेच्या विक्रीचे 24 महिन्यांचे आकडे घेतले आणि त्यांवर समीकरण बसवले. आधी भाव, मग सणवार, मग पाऊस, मग लग्नाच्या तिथी. प्रत्येक घटकागणिक आर-वर्ग वाढत गेला, आमचा उत्साहही. गुण उत्तम पडले. पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज मात्र साफ चुकला. दुकानदारकाकांनी गेल्या सालची वही उघडून सांगितलेला आकडा आमच्यापेक्षा जवळचा निघाला!

यात नवल नाही. कितीही निरुपयोगी घटक घाला, आर-वर्ग कधी घटतच नाही. 24 महिन्यांना 24 स्थिरांक दिले, तर समीकरण प्रत्येक बिंदूतून जाईल. पंचविसाव्या महिन्याविषयी भरवशाचे काही सांगणार नाही. आम्हाला शिकवतात तो समायोजित आर-वर्गही फार सैल. नव्या घटकाचे टी-मूल्य 1 च्या वर गेले की तो त्याला आत घेतो.

जपानचे हिरोत्सुगु अकाइके सिमेंटच्या भट्टीच्या नियंत्रणावर काम केलेले संख्याशास्त्रज्ञ. 1973 साली त्यांनी माहितीवर आधारलेला निकष मांडला. (माहिती हा शब्द कन्नडातही आहे, हा शास्त्रीय अर्थ मात्र दोन्हीकडे नवाच.) वास्तवाच्या जागी आपले समीकरण ठेवले की काही माहिती हरवते. कोणत्या समीकरणात ती कमी हरवते, एवढेच हा निकष तोलतो आणि प्रत्येक स्थिरांकामागे 2 चा दंड लावतो. आमच्या 24 महिन्यांच्या हिशेबात याचा अर्थ असा, की नव्या घटकाने चुकांच्या वर्गांची बेरीज सुमारे 8 टक्क्यांनी तरी घटवली पाहिजे, नाहीतर त्याने बाहेर राहावे. श्वार्झ यांचा 1978 चा निकष आणखी कडक. तो सुमारे 12 टक्के मागतो.

हे वाणिज्य शाखेला जड जाईल, असे काही प्राध्यापक म्हणतात. मला पटत नाही. लॉगॅरिथम आम्ही शाळेतच शिकलो आहोत. मर्यादा आहेतच. मांडलेली सगळीच समीकरणे टाकाऊ असली, तर निकष वासरांत लंगडी गाय तेवढी निवडून देतो. घटक सुचवायला बाजार माहीत असावा लागतो, तो काकांनाच विचारावा.

आम्ही आकडे पुन्हा मांडले, तेव्हा भाव आणि सणवार टिकले, पाऊस आणि तिथी गळाल्या. जुना प्रकल्प विभागाच्या कपाटात आहे, ‘उत्तम’ या शेऱ्यासह.