डॉक्टरांचा चार्ज कोण घेणार?

बँकेतला अधिकारी निवृत्त होतो तेव्हा त्याला आधी चार्ज द्यावा लागतो. तिजोरीच्या किल्ल्या, कर्जाच्या दस्तऐवजांची यादी, थकलेल्या खात्यांच्या फायली, सारे पुढच्या माणसाच्या स्वाधीन करायचे, त्याची सही घ्यायची आणि मगच हार-नारळ स्वीकारायचा. दुसऱ्या दिवशीपासून शाखा आपल्यावाचून सुरळीत चालते. ती इतकी सुरळीत चालते हे कळल्यावर थोडे वाईटही वाटते, पण तो भाग निराळा.

आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या नशिबी ही सोय नाही. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना निवृत्तीचा आदेश तरी मिळतो. चाळीस वर्षे स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्याला आदेश कोण देणार? आधी जुना कंपाउंडर थकतो. मग संध्याकाळची वेळ बंद होते. पाटीवर 'फक्त सकाळी' असा कागद चिकटतो आणि कधीतरी शटर खाली येते ते पुन्हा वर जात नाही. मुलगा मोठा तज्ज्ञ होऊन शहरात किंवा परदेशात गेलेला असतो, त्याला या दहा बाय बाराच्या खोलीत रस नसतो. तिथे मोबाइलचे दुकान येते. पण त्या खोलीत बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन-अडीचशे घरांची खातेवही असते. कोणाला पेनिसिलीन चालत नाही, कोणाच्या घरात मधुमेह तीन पिढ्यांचा आहे, कोणत्या सुनेची डोकेदुखी गोळीने थांबणारी नाही, कोण 'दारू सोडली' म्हणून सांगतो आणि कोणी खरेच सोडली. ही नोंद कोणत्याही केसपेपरवर नसते. तिचा चार्ज कोणी घेत नाही.

या डॉक्टरांसाठी समाज काही करत नाही असे नाही. १ जुलै हा दिवस डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ १९९१ पासून आपल्याकडे डॉक्टर दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ज्येष्ठ डॉक्टरांना व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ देण्यात येते. वैद्यकीय संघटनांच्या शाखा सहली काढतात, जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करतात, योगवर्ग भरवतात. यात हसण्यासारखे काही नाही. आयुष्यभर रविवारसुद्धा स्वतःचा नसलेल्या माणसाला मित्र कुठून असणार? मुलांची स्नेहसंमेलने चुकलेली, लग्नात जेवायला बसले की बोलावणे आलेले. अशा माणसाला पासष्टाव्या वर्षी सहलीच्या बसमध्ये कोणी गाणे म्हणायला लावले, तर ते औषधच आहे. घरात मागे राहिलेल्या एकट्या डॉक्टरबाईंना तर ते अधिकच लागते.

तरीही या सगळ्यात डॉक्टर प्रेक्षक असतो किंवा सत्कारमूर्ती. त्याला कोणी काही विचारत नाही. ज्याला दिवसाला साठ माणसे 'डॉक्टर, काय करू?' असे विचारत होती, त्याची खरी उपासमार तिथे आहे, असे मला वाटते.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना राज्यात हिल्टन हेड नावाचे सुखवस्तू बेट आहे. तिथे निवृत्त होऊन राहायला आलेल्या डॉ. जॅक मॅककॉनेल यांच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. हॉटेलांत साफसफाई करणारी, बागा राखणारी बेटावरची माणसे विम्याअभावी डॉक्टरकडे जाऊ शकत नाहीत, आणि त्याच बेटावर निवृत्त डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका मोठ्या संख्येने गोल्फ खेळत बसल्या आहेत. १९९४ मध्ये त्यांनी या दोघांची गाठ घालून मोफत दवाखाना उघडला. 'व्हॉलंटियर्स इन मेडिसिन' या नावाने तसे दवाखाने पुढे त्या देशात अनेक ठिकाणी निघाले. मला त्यातली सेवाभावापेक्षा कारकुनी बाजू जास्त महत्त्वाची वाटते, कदाचित नोकरीची सवय असेल. निवृत्त डॉक्टरांची मुख्य भीती होती परवान्याची आणि उतारवयात अंगावर येणाऱ्या दाव्याची. स्वयंसेवी काम करणाऱ्यांसाठी वेगळा परवाना आणि दाव्यांपासून संरक्षण, या दोन गोष्टी झाल्यावर मगच माणसे आली.

आपल्याकडे महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतन करावी लागते आणि त्यासाठी त्या काळात शिक्षणाचे ३० गुण जमवावे लागतात. नियम योग्यच आहे. औषधे बदलतात, मात्रा बदलतात. पण दवाखाना बंद केलेला माणूस हे गुण कशासाठी जमवील? पुढे काही काम असेल तर जमवील. नाहीतर नोंदणी निसटते, आणि मग हाती मनुष्यबळ असूनही कायद्याने ते निरुपयोगी ठरते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी सरकारने निवृत्त डॉक्टरांना पुढे येण्याचे आवाहन केले. ब्रिटनमध्ये त्याच महिन्यात नुकतीच नोंदणी सोडलेल्या ११ हजारांहून अधिक डॉक्टरांना तात्पुरती नोंदणी परत देण्यात आली. आग लागल्यावर विहिरीची आठवण झाली. पण ज्या साथीचा सर्वाधिक धोका वयस्करांनाच, तिच्या तोंडी त्यांना देणे हेही कठीणच होते. फोनवरून सल्ला देण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे आपल्या देशात त्याच मार्चमध्ये आली. घरात बसून काम करू शकणाऱ्या डॉक्टरांसाठी ती वाट आजही खुली आहे.

मात्र एक अप्रिय गोष्ट बोलायलाच हवी. अनुभव वाढतो तसा हातही थरथरतो. अमेरिकेतल्या येल न्यू हेवन रुग्णालयाने सत्तरीच्या पुढच्या १४१ डॉक्टर व इतर वैद्यकीय व्यावसायिकांची स्मरण आणि आकलन यांची चाचणी घेतली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार त्यांतल्या १८ जणांत कामावर परिणाम होईल इतकी उणीव आढळली. त्याच वर्षी वयावरून भेदभाव केल्याबद्दल तिथल्या सरकारी आयोगाने त्या रुग्णालयावर खटलाही भरला. मला यात दोन्ही बाजू पटतात. रुग्णाला धोका नको आणि उरलेल्या १२३ जणांना संशयाची वागणूकही नको. आपल्याकडे ही चाचणी बहुधा औषधांच्या दुकानात होते. चिठ्ठीवर मात्रा दुप्पट लिहिलेली दिसते, दुकानदार गुपचूप दुरुस्त करतो आणि डॉक्टरांना सांगत कोणीच नाही, कारण त्यांनीच त्याच्या मुलाचा जीव वाचवलेला असतो. हा आदर नव्हे, ही भीड आहे, आणि ती कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते. सहली काढणाऱ्या शाखांनीच हे अवघड काम अंगावर घ्यावे. बाहेरच्याने सांगितले तर अपमान वाटेल. समव्यावसायिक मित्राने चहा पिताना सांगितले तर ऐकले जाईल.

शस्त्र खाली ठेवले म्हणून खुर्ची सोडावी लागते असे कुठे आहे? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचा कारभार सांभाळणाऱ्या डॉ. बानू कोयाजी यांनी वढू परिसरात गावातल्या स्त्रियांना आरोग्याच्या कामात तयार केले. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा त्या पंच्याहत्तरीच्या घरात होत्या. प्रत्येकजण कोयाजी होणार नाही. पण मोठ्या रुग्णालयातून बाहेर पडलेल्या माणसाच्या हातात पंधरा पानी रिपोर्ट असतो आणि शस्त्रक्रिया करावी की नाही हे त्याला कळत नसते. त्याच्याशेजारी बसून, एकही चिठ्ठी न लिहिता, तो कागद मराठीत समजावून सांगायला चाकू लागत नाही. रुग्णाचे पूर्ण ऐकून घेऊन प्रश्न कसे विचारायचे, हे नव्या डॉक्टरांना दाखवायलाही लागत नाही. तालुक्याच्या गावी वैद्यकीय संघटनेचे सभागृह सकाळी रिकामेच असते. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन तास, एक टेबल, तीन खुर्च्या आणि बाहेर 'रिपोर्ट समजावून मिळतील' अशी पाटी, एवढ्याने सुरुवात करता येईल. भाडे लागणार नाही. दारात रांग लागेल, तिच्यासाठी बाक मात्र आधीच आणून ठेवावा लागेल.