मालिकांतला मुका वैद्य

संपादक महोदय,
‘मालिका म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे’ हे आपल्या वाचकाचे म्हणणे मान्य. म्हणून ऐतिहासिक मालिकेतल्या वैद्याने नुसते मनगट धरायचे, मान हलवायची आणि निघून जायचे? इतिहासातले वैद्यक असे मुके नव्हते. आमच्या देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री (हो, तोच हेमाडपंती देवळांचा) याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयातला बोपदेव तर वैद्याचाच मुलगा. वडील केशव यांच्या ‘सिद्धमंत्र’ या वैद्यकग्रंथावर त्याने भाष्य केले. गंमत म्हणजे वाग्भटाकडे मनगट धरून करायची नाडीपरीक्षा नाहीच. ती पुढे शार्ङ्गधरसंहितेत येते. रोगी तपासायला वाग्भट सांगतो ते तीन मार्ग : रोग्याला पाहा, स्पर्श करा, प्रश्न विचारा. यातल्या प्रश्नोत्तरांत नाट्य कमी आहे काय? पटकथाकारांनी वैद्याला निदान तोंड तरी उघडू द्यावे.

– एक वाचक, दौलताबाद