अम्मींचाही रिपोर्ट काढा

रक्तातील चरबीची तपासणी म्हणजे अब्बांची गोष्ट, असे आपल्याकडे ठरून गेले आहे. सातारा-सांगलीकडची कुटुंबे अब्बांना मिरजेच्या दवाखान्यात नेतात. अम्मी सोबत असतात, पण डबा आणि फाईल सांभाळायला. "बायकांना कुठं हार्टचा त्रास होतो?" असे म्हणणारे अजून भेटतात. ही समजूत अर्धीच खरी आहे, म्हणून जास्त घातक.

पाळी सुरू असते तोवर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे स्त्रीचे एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे वाईट कोलेस्टेरॉल, त्याच वयाच्या पुरुषापेक्षा सहसा कमी असते. पुरुषाचे विशीनंतर हळूहळू चढत जाते. स्त्रीचे मात्र पाळी थांबण्याच्या सुमारास झपाट्याने वाढते आणि पुढे अनेकदा पुरुषाच्याही वर जाते. म्हणून पस्तिशीत चांगला आलेला रिपोर्ट पंचावन्नाव्या वर्षी उपयोगाचा नाही.

आकडे वाचतानाही फरक आहे. चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषात किमान ४० आणि स्त्रीत किमान ५० असावे. म्हणजे ४५ हा आकडा अब्बांना चालेल, अम्मींना कमी पडेल. ट्रायग्लिसराइड मात्र दोघांचेही १५० च्या आत हवे. गरोदरपणात हे आकडे वाढतातच. तेव्हा घाबरू नये, डॉक्टरांना विचारावे.

आयसीएमआरच्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात महाराष्ट्रही होता. तपासलेल्या शंभरांपैकी सुमारे ७२ जणांचे एचडीएल कमी निघाले. अंगाने बारीक असणे म्हणजे रक्त चांगले असणे नव्हे.

तपासणीला जाताना दहा-बारा तास उपाशी राहावे, पाणी चालते. ईदच्या दावतीनंतर लगेच जाऊ नये. आठवडाभर नेहमीचे जेवण झाल्यावर जावे. घरात रश्श्यावरचा तवंग काढून टाकावा, वनस्पती तूप बंद करावे, साखर आणि मैदा कमी करावा, रोज अर्धा तास चालावे. आकडे वाढलेले असतील तर औषध डॉक्टरच ठरवतील. शेजारच्या खालांची गोळी घेऊ नये.

सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी जेवणारी बाई तपासणीतही शेवटी राहते. पुढच्या वेळी अब्बांचा नंबर लावाल, तेव्हा त्याच चिठ्ठीवर अम्मींचेही नाव लिहा.