ऋण कोणाचे?

3 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत अन्नू रानी हिने चौथ्या प्रयत्नात 62.92 मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धांत भालाफेकीचे सुवर्ण पटकावणारी ती पहिली भारतीय महिला. अभिनंदनाचा पूर आला, तो यथायोग्यच होता. पण विजयानंतर ती वार्ताहरांशी जे बोलली ते त्या पुरात वाहून गेले. वर्षभर मनासारखी कामगिरी होत नव्हती, परदेशी सरावासाठी सरकारने इतका पैसा खर्च केला याचे दडपण होते, खेळ सोडावा असेही मनात येऊन गेले होते, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे खेळाडू स्वतःला ऋणको समजते आणि धनको कोण, तर सरकारी खजिना! अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला हा हिशेब तपासून पाहिल्यावाचून राहवत नाही.

मेरठ जिल्ह्यातील बहादूरपूर हे तिचे गाव, घर शेतकऱ्याचे. क्रिकेट खेळताना बहिणीच्या हातातील जोर प्रथम हेरला तो तिच्या भावाने. आरंभीचा सराव झाला तो रिकाम्या शेतात ऊस फेकून आणि बांबूच्या भाल्यावर. वृत्तपत्रांना ही कहाणी फार प्रिय आहे. तीत कौतुकास्पद असे जे आहे ते त्या कुटुंबाचे. व्यवस्थेने त्यात मिरवण्यासारखे काहीही नाही. महिलांच्या भाल्याचे किमान वजन 600 ग्रॅम. त्याची लांबी, त्याचा गुरुत्वमध्य, सारे नियमाने बांधलेले. बांबूला असले काही बंधन नसते. त्याने दंडात बळ येईल, पण भाला हवेत कसा तरंगतो हे कळत नाही. ते पुढे, वय वाढल्यावर शिकावे लागते.

तरीही 2014 साली लखनौला 58.83 मीटर फेक करून तिने गुरमीत कौर यांचा चौदा वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धांत कांस्यपदक मिळविले. 2016 मध्ये साठ मीटरची सीमा ओलांडणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. 2019 साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठून ती आठवी आली. 2022 साली युजीनला सातवी. त्याच वर्षी जमशेदपूरला 63.82 मीटरचा राष्ट्रीय विक्रम झाला आणि बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत कांस्यपदक.

आता 58.83 आणि 63.82 या आकड्यांतील अंतर पाहावे. पाच मीटरही नाही, आणि त्याला आठ वर्षे लागली. घटत्या फलाचा नियम आम्ही विद्यार्थ्यांना शेतीच्या उदाहरणाने शिकवितो; तो भाल्यालाही लागू आहे. सुरुवातीचे मीटर स्वस्त असतात. एक नियमाप्रमाणे बनविलेला भाला आणि एक जाणता शिक्षक एवढ्यावर ते मिळतात. शेवटचे मीटर मात्र परदेशी सराव, तज्ज्ञ मार्गदर्शन, वैद्यकीय देखभाल यांनी विकत घ्यावे लागतात. आपला खजिना उघडतो तो नेमका या टोकाला. जेथे शंभर रुपयांनी अंतर वाढले असते तेथे घरच्यांनी पदरमोड केली. जेथे लाखांनी वीतभर वाढते तेथे सरकार आले. हा उशिराचा खर्च वाया जातो असे मात्र नव्हे. पदके त्या वीतभरातच असतात.

टोकियो ऑलिंपिकमध्ये तिची फेक 54.04 मीटरची, पॅरिसमध्ये 55.81. दोन्ही वेळा प्राथमिक फेरीतच आव्हान संपले, आणि ‘एवढा खर्च कशाला?’ हा प्रश्न चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. प्राथमिक फेरीत अवघ्या तीन फेकी मिळतात. भाला हातातून सुटतानाचा कोन किंचित बिघडला तरी काही मीटर सहज जातात. तीन फेकींवरून दहा वर्षांच्या गुंतवणुकीचा ताळेबंद मांडणारा हिशेबनीस कोणत्याही पेढीवर टिकणार नाही. विशेष म्हणजे असा हिशेब आपण एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याला क्वचितच विचारतो.

बहादूरपुरातील त्या मुलीला खजिना जे देणे लागत होता ते आता देता येणार नाही. पण पुढची मुलगी कोठल्या तरी शाळेत आज सहावी-सातवीत असेल. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी आपल्या शाळेचे डेडस्टॉक रजिस्टर काढून पाहावे: त्यात मुलींच्या वजनाचा भाला नोंदलेला आहे काय, आणि असल्यास तो कपाटातून मैदानावर शेवटचा कधी आला?