दोरी सुटल्यावर

गेल्या दिवाळीत आमच्या पडवीत एक पांढरं खोकं दिसू लागलं. थर्माकोलसारख्या हलक्या फोमच्या चार भिंती, प्रत्येक बाजू चाळीस सेंटिमीटरची, पुढून-मागून मोकळं. मधोमध एक आडवी काठी आणि तिच्यावर अंगठ्याएवढी मोटर आणि पंखा. माझ्या पुतण्याचा मुलगा अकरावीत शिकतो. हे त्याचं रेडिओवर चालणारं विमान. मी विचारलं, "अरे, याचे पंख कुठे? शेपटी कुठे?"

"आजोबानू, खोकांच पंख," तो म्हणाला.

बँकेची नोकरी संपवून मालवणला परतल्यावर माझी सकाळ लिहिण्यात जाते. पण त्या दिवशी लिखाण बाजूला ठेवून मी त्याच्याबरोबर तोंडवळीच्या किनाऱ्यावर गेलो. खोक्याने हातातून सुटताच नाक वर केलं, ते क्षणभर हवेत उभं राहिलं आणि पाठीवर आपटलं. एक भिंत निखळली. मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, कारण पुढे आठवडाभर त्याने खोक्याला हात लावला नाही. त्याच्या वडिलांना आयतंच निमित्त मिळालं. "बारावीचं वर्ष तोंडावर आलंय. पुरे झाला हा खेळ."

कोंडी फोडली ती शेजारच्या म्हाताऱ्या तांडेलांनी. पडवीत ते खोकं उलटंपालटं करून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नीरम खंय भरलंस रे?"

शिडाच्या जहाजांच्या काळात रिकामं गलबत परतताना तळाशी धोंडे भरत, ते नीरम. माल नसला तरी तोल हवा. आपल्या किनाऱ्यावरच्या होडीला जी उलांडी बांधतात, तीही तोलासाठीच. तांडेल कधी विमानात बसले नव्हते. पण खोक्याचं दुखणं त्यांनी अचूक ओळखलं.

ते दुखणं असं. सपाट फळी हवेतून जाताना तिला जी उचल मिळते, ती पुढच्या कडेपासून साधारण पाव अंतरावर एकवटते. चाळीस सेंटिमीटरच्या फळीवर ती जागा सुमारे दहा सेंटिमीटरवर येते. मुलाच्या खोक्याचं वजन मात्र मध्यावर, म्हणजे विसाव्या सेंटिमीटरवर तोललेलं होतं. उचल पुढे आणि वजन मागे असलं, की नाक जरासं वर जाताच उचल वाढते आणि नाकाला आणखी वर ढकलते. चूक स्वतःलाच खतपाणी घालते. वजन उचलीच्या पुढे असेल तर उलट घडतं. नाक वर गेलं की तेच वजन त्याला खाली आणतं. तेव्हा बॅटरी पुढे काढलेल्या काठीवर बांधून तोल सात-आठ सेंटिमीटरवर आणायचा, आणि खोकं नाकावर पडू नये म्हणून आडव्या फळ्यांच्या मागच्या कडा किंचित वर वळवायच्या. दुखण्यावर औषध एवढंच.

मुलाने एक इलेक्ट्रॉनिक स्थिरकही आणला होता. त्यातला जायरो डुलणं ओळखतो आणि मागच्या झडपा हलवून ते सावरतो. हे यंत्र सगळं निभावून नेईल, अशी मुलाची समजूत होती. पण झडपा वळायलाही मर्यादा असते. तोल फारच मागे असला, तर यंत्र शेवटपर्यंत झडपा वळवतं आणि मग तेही हरतं. आधी तोल, मग यंत्र.

हे खोकं काही त्याच्या डोक्यातून निघालेलं नाही. लॉरेन्स हारग्रेव्ह या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकाने १८९३ मध्ये खोक्याच्या आकाराचा पतंग केला. १२ नोव्हेंबर १८९४ रोजी स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर चार पतंगांच्या माळेने तो स्वतः जमिनीपासून सुमारे सोळा फूट उचलला गेला. आडव्या फळ्या उचल देत, उभ्या भिंती त्याला बाजूला घसरू देत नसत. पतंग इतका स्थिर होता, की पुढे अमेरिकेच्या हवामान खात्याने अशाच पतंगांना उपकरणं बांधून आकाशाची मोजमापं घेतली. हारग्रेव्हने पेटंट घेतलं नाही. केलेलं काम जाहीर करून टाकलं. पॅरिसमध्ये सांतोस द्युमाँने अशाच खोक्यांचे पंख जोडून विमान केलं आणि १२ नोव्हेंबर १९०६ रोजी ते २२० मीटर उडवलं.

पण पतंग आणि विमान यांत एक मोठा फरक आहे. पतंगाची दोरी कोणीतरी धरलेली असते. तो डगमगला की ताण त्याला जागेवर आणतो. दोरी कापली की तेच खोकं कोलांट्या खात खाली येतं. दोरीवाचून उडायचं तर तोल आतूनच असावा लागतो. १९०३ मध्ये पहिलं उड्डाण करणाऱ्या राइट बंधूंचं यंत्रही वरखाली हेलकावे खाई. १९०४ च्या विमानाच्या पुढच्या भागात त्यांनी सत्तर पौंड लोखंड ठेवलं. आमच्या तांडेलांच्या भाषेत, नीरम भरलं!

या गोष्टीवरून मला माझा जिल्हा आठवतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून कोकण विभागाचं मंडळ झाल्यापासून दहावीच्या निकालात आपला विभाग पहिला येत आला आहे. याचा मला अभिमान आहे. पण ही मुलं बारावीनंतर मुंबई-पुण्याची गाडी धरतात. तोवर शाळा, क्लास, आई-बाप या दोऱ्यांनी ती छान वर राहिलेली असतात. दोरी सुटल्यावर काय? स्वतःची चूक शोधून स्वतःच दुरुस्त करण्याची सवय कोणत्या पेपरात तपासली जाते? मी बँकेत कर्जाची प्रकरणं तपासली. ज्याचा धंदा एकदा बसला आणि का बसला हे ज्याला नीट सांगता येत होतं, त्याच्यावर मी जास्त विसंबलो. घरात मात्र नेमका उलटा वागलो.

विमान म्हटलं की आपण मराठी माणसं शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव काढतो. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांचं विमान उडाल्याचं सांगतात. पण त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा हाती नाही. मला त्यापेक्षा जवळचे वाटतात कॅप्टन अमोल यादव. या मराठी वैमानिकाने कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं गेलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. जुन्या मोठेपणापेक्षा गच्चीवरची ही मेहनत मुलांपुढे ठेवावी.

म्हणून एक साधी मागणी. आपल्या हायस्कुलांच्या प्रयोगशाळा रविवारी बंद असतात. सकाळी दोन तास त्या उघडाव्यात. एक लांब टेबल, वजनकाटा, कात्री, डिंक आणि एक वही, एवढं पुरे. गुण नकोत, स्पर्धा नको. गावातला एखादा सुतार, वायरमन, तांडेल आळीपाळीने येऊन बसेल. नियमही तिथेच शिकवावेत. ऑक्टोबर २०२१ पासून चिपीला विमानतळ आहे; उडवण्याआधी सरकारी नकाशावर मनाई कुठे आहे ते पाहावं, माणसांच्या डोक्यावर नेऊ नये, नजरेआड जाऊ देऊ नये. आणि पालकांनी एवढंच करावं, की वस्तू पडली तर हसू नये.

माझी चूक मी जमेल तशी भरून काढली. मुलाला बँकेतली एक कोरी खतावणी दिली आणि एकच अट घातली, एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहायचा. आधी बोटांवर तोल, मग मोटर बंद ठेवून वाळूवर हातभर उंचीवरून सोडणं. अर्ध्या किलोचं हे विमान ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास उडतं. दुपारचा खारा वाराही कधी कधी तेवढाच असतो. म्हणून भल्या पहाटे, मतलई मंद असताना निघायचं.

माघातल्या एका सकाळी खोकं सुटलं. नाक जरासं वर गेलं आणि आपलं आपणच खाली आलं. सुरूच्या झाडांसमोर त्याने एक मोठं वळण घेतलं, दुसरं घेतलं आणि मग वाळूवर घसरत येऊन थांबलं. मुलाचे वडील माझ्या शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. चालत गेले आणि खोकं दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले. मुलगा तोवर खतावणीत लिहीत होता: "बॅटरी आणखी एक सेंटिमीटर पुढे."