रिकामे उद्योग

परवा आमच्या वाचनालयात एका बाईंना 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हवं होतं. पुस्तक समोरच्या कपाटात, मला खुर्चीतून दिसतंय. पण संगणक म्हणतो, असं पुस्तकच नाही! शेवटी मी उठलो, पुस्तक काढून दिलं आणि रजिस्टरात हाताने नोंद केली.

संगणकावरची ही यादी माझ्या नातवाची. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपल्यावर सुट्टीत आला होता. आमचं जाडजूड रजिस्टर बघून म्हणाला, "आबा, याचा प्रोग्रॅम मी करून देतो." आणि खरंच दिला. चार हजार पुस्तकांच्या नोंदी ग्रंथपालांनी आणि मी मिळून टाइप केल्या, आणि तिथेच घोळ झाला. 'वऱ्हाड'मधला तो चंद्रकोरीसारखा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राच्या लेखी मात्र दोन निरनिराळे शब्द. ग्रंथपालांची तऱ्हा एक, माझी दुसरी! दुसरा घोळ वर्णमालेचा. आपला ळ ह नंतर येतो, तर युनिकोडने तो ल शेजारी नेऊन बसवला आहे. त्यामुळे लेखकांच्या यादीत आधी काळे आणि मग काशीकर. क्षीरसागर रजिस्टरात शेवटच्या पानावर असत, ते आता क च्या घोळक्यात हरवले. जन्मभर मुलांकडून क ते ज्ञ घोकून घेतलेल्या माणसाला हे बघवत नाही हो.

नातवाला हे सगळं ठाऊक आहे. पुढच्या सुट्टीत करतो म्हणाला होता. पुढची सुट्टी आली, पण तो खोलीचं दार लावून बसलेला. रात्री आठला कोडिंगची स्पर्धा. एकदा रेटिंग घसरलं तर पोरगा जेवलाच नाही. मी वाचनालयाचा विषय काढला तेव्हा म्हणाला, "आबा, त्याला कोण विचारतं? रिकामे उद्योग ते." खोटंही नव्हतं ते. नोकरीच्या पहिल्या चाळणीला नव्वद मिनिटांत तीन प्रश्न होते. मुलाखतीत रेटिंग विचारलं. वाचनालयाबद्दल एक शब्द नाही.

माझं भांडण नातवाशी नाही. त्याला या शर्यतीत जुंपणाऱ्या कॉलेजांशी, कंपन्यांशी आणि "शेजारच्याचं रेटिंग किती?" विचारणाऱ्या आईबापांशी आहे.

स्पर्धा वाईटच असतात असं मी म्हणत नाही. चार हजार नावांच्या क्रमवार यादीतून हवं ते नाव जास्तीत जास्त बारा तुलनांत सापडतं, हे नातवाने मला शब्दकोश मधोमध उघडून दाखवलं, तेही तो स्पर्धांतूनच शिकला. महाविद्यालयीन मुलांच्या आयसीपीसी स्पर्धेत तिघांच्या चमूला एकच संगणक आणि पाच तास मिळतात. मास्तर म्हणून मला ही कल्पना फार आवडली. एक टाइप करतो, तोवर बाकीच्या दोघांना कागदावर विचार करावाच लागतो.

पण स्पर्धेतला प्रश्न कसा असतो बघा. तो कुणीतरी आधीच नीट आखून दिलेला असतो. आकडा कितीपर्यंत जाईल तेही लिहिलेलं असतं. उत्तर बरोबर आलं की काम संपलं, तो प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी कुणी उघडत नाही. वाचनालयात आधी प्रश्न काय आहे तेच शोधावं लागतं. दोन म्हातारे एकच अक्षर दोन प्रकारे टाइप करतील, हे कुठल्या प्रश्नपत्रिकेत छापलेलं असतं?

आणि हे मी कुणाला सांगतोय? मी स्वतः चौथी-सातवीच्या शिष्यवृत्तीचे जादा तास वर्षानुवर्षं घेतले. "आधी पर्याय बघा, मग प्रश्न वाचा," असं शिकवलं. एखाद्याने "सर, पण हे असं का?" विचारलं तर "वेळ घालवू नकोस" म्हणालो. यादीत नावं आली की शाळेत पेढे वाटले. त्या 'का' विचारणाऱ्यांचं पुढे काय झालं, मी कधी चौकशीसुद्धा केली नाही. म्हणून तर आज नातवाकडे बघून पोटात कालवतं.

बरं, ज्या घाईसाठी हे सगळं, तिची आता किंमत काय राहिली? सप्टेंबर २०२५ मध्ये बाकूला आयसीपीसीची अंतिम फेरी झाली. तिथले बाराच्या बारा प्रश्न ओपनएआयच्या यंत्रणेने सोडवले. माणसांच्या एकाही चमूला बारा जमले नाहीत. म्हणजे ज्या कामात यंत्र पुढे गेलं, त्याच कामासाठी आपण पोरांना रात्ररात्र जागवतोय!

उलट रिकाम्या उद्योगांनी काय दिलं? १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने एक प्रणाली लिहायला घेतली, आणि हा निव्वळ छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असं स्वतःच जाहीर केलं. ते लिनक्स. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच असतं. एवढं लांबही जायला नको. निवृत्तीनंतर मी संगणकावर पहिली मराठी ओळ लिहिली ती 'गमभन'मुळे. ते एका मराठी माणसाने हौसेने केलेलं. त्याचं रेटिंग किती होतं, हे मला विचारावंसं कधी वाटलं नाही.

काल रात्री नातवाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "आबा, क्ष आधी की ज्ञ?" मी म्हटलं, "ळ, क्ष, ज्ञ. पहिलीत शिकवलं होतं." हसला. करतो म्हणाला, पण पुढच्या रविवारी परत एक स्पर्धा आहे.

तोवर कुणाला काळ्यांचं पुस्तक हवं असेल तर सकाळी नऊ ते अकरा मी वाचनालयात असतो. जुनं रजिस्टर मी अजून टाकलेलं नाही.