प्रश्नपत्रिकाच चुकली आहे

शाळेत असताना लागलेली एक सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. चाचणीचे पेपर तपासताना एखादा प्रश्न साठपैकी पन्नास मुलांनी चुकवलेला दिसला, की मी लाल पेन खाली ठेवायची आणि तो प्रश्नच पुन्हा वाचायची. बहुतेक वेळा घोळ माझ्या वाक्यात निघायचा. 'किती उरले' विचारायचं असायचं आणि मी लिहिलेलं असायचं असं काही, की 'किती गेले' असाही अर्थ लागावा. मग मुकाट्याने सगळ्यांना त्या प्रश्नाचे गुण द्यायचे. एवढी मुलं एकाच जागी अडखळत असतील तर दोष त्या जागेत असतो, मुलांत नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे आमची शेजारीण.

आम्ही राहतो कफ परेडच्या मच्छीमार नगरात. एका बाजूला उंच टॉवर, दुसऱ्या बाजूला ओढून ठेवलेल्या होड्या, मधे आम्ही. शेजारीण मासे विकते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे पावसाळ्यात तिची मदार सुक्या मासळीवर. २०२४ च्या पावसाळ्यात तिला एक फोन आला. मराठीतच बोलत होता, अगदी अदबीने. घरी कार्य आहे, सुके बोंबील आणि सोडे हवेत, आगाऊ पैसे मोबाईलवर पाठवतो म्हणाला. "मावशी, पैसे पाठवलेत. बटण दाबा, पिन टाका, म्हणजे जमा होतील." तिने बटण दाबलं, पिन टाकला. "अडकले वाटतं, पुन्हा एकदा करा." तिने पुन्हा केलं. १,९०० रुपये दोनदा, म्हणजे ३,८०० रुपये गेले. बंदीच्या दिवसांत!

फोन घेऊन ती माझ्याकडे आली. "बाई, पैशे येवाचे होते, गेले कशे गो?"

१९३० या क्रमांकावर तक्रार केली, बँकेतही गेलो. तिथल्या मुलाने एकच विचारलं, "पिन तुम्हीच टाकलात ना?" घरी भाचा म्हणाला, "मावशी, तुला कळत नाही तर कशाला हात लावतेस?" ज्याने त्याने तिलाच नापास करून टाकलं. ती बाई पहाटे ससून डॉकवर उभ्या लिलावात तोंडी हिशोब करते. मी बी. ए. झालेली, पण तिच्या वेगाने मला बेरीज जमायची नाही. आणि म्हणे हिला कळत नाही!

मग मी माझी जुनी सवय काढली, प्रश्नपत्रिका वाचायला घेतली. तिच्या फोनवर तसाच पडदा मुद्दाम आणून पाहिला. वर नाव, मधे ठसठशीत रक्कम, त्याखाली करड्या बारीक अक्षरांत 'विनंती' की काहीसं, आणि तळाला मोठं रंगीत बटण. ते दाबलं की पिनच्या चौकटी. पैसे पाठवताना साधारण असाच पडदा, कुणी मागितले तरी जवळपास असाच. पैसा घरात येतोय की घराबाहेर चाललाय, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात बारीक अक्षरांत!

आणखी एक गंमत पाहा. सगळीकडे जाहिरात असते, की पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. पण खात्यात किती शिल्लक आहे ते पाहायलाही तोच पिन लागायचा. आता माझी शेजारीण रोज संध्याकाळी काय करायची? दिवसभराचे पैसे आले का ते पाहायला पिन टाकायची. तिच्या अनुभवात पिन टाकला की आलेले पैसे दिसतात. फोनवरचा माणूसही तेच सांगत होता. तिने शिकवल्याप्रमाणे उत्तर लिहिलं, मंडळी! शिकवणंच चुकीचं होतं.

यूपीआय २०१६ साली आलं. दुसऱ्याकडून पैसे 'मागण्याची' ही सोय त्यात होती. तिच्या आधाराने फसवणूक सुरू झाली तेव्हा लोकांना शहाणं करण्याच्या मोहिमा निघाल्या. सावध राहा, पिन देऊ नका, बटण दाबण्याआधी वाचा. अशा मागणीवर एका वेळी २,००० रुपयांची मर्यादाही घातली गेली. (चोरांनाही ती ठाऊक होती, म्हणून तर १,९०० दोनदा!) तरी लोक फसतच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२५ पासून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे असे पैसे मागण्याची सोयच बंद केली. दुकानदार आणि कंपन्यांसाठी ती ठेवली.

चांगलं केलं, माझी तक्रार नाही. पण याचा अर्थ काय होतो? नऊ वर्षं आपण माणसांना सुधारत बसलो, आणि उपाय निघाला तो सोय काढून टाकण्याचा. म्हणजे प्रश्न चुकीचा होता हे परीक्षकांनी कबूल केलं. गुण मात्र कुणाला परत मिळाले नाहीत.

'अशिक्षित माणसांचंच असं होतं' असं कुणाला वाटत असेल तर एक मोठी गोष्ट सांगते. ११ ऑगस्ट २०२० रोजी सिटीबँकेला रेव्हलॉन या कंपनीच्या कर्जाचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज वाटायचं होतं. प्रत्यक्षात गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर! मुद्दल बाहेर जाऊ नये म्हणून पडद्यावरच्या तीन चौकटी भरायच्या होत्या. काम करणाऱ्याने 'मुद्दल' या अर्थाची एकच भरली. कुणालाही तेच पुरेसं वाटेल. तीन जणांनी तपासलं, तिघांनीही होकार दिला. सुमारे ५० कोटी डॉलर परत मिळेनात म्हणून बँक कोर्टात गेली, २०२१ मध्ये हरली, २०२२ मध्ये अपिलात जिंकली. ते सॉफ्टवेअर होतं फ्लेक्सक्यूब, मूळ आपल्या मुंबईच्याच आय-फ्लेक्स कंपनीचं. तीन प्रशिक्षित माणसं जिथे चुकतात तिथे मासे विकणाऱ्या बाईला कसलं बोलता? आणि बँकेसाठी कोर्ट होतं. ३,८०० रुपयांसाठी कोण कोर्टात जातं?

आता माझं रडगाणं थोडक्यात. एका ठिकाणी हयातीच्या दाखल्यासाठी फॉर्म भरत होते. इंग्रजीऐवजी मराठी निवडलं तर शेवटच्या बटणावर आलं 'जमा करा'. आयुष्यभर बँकेत 'जमा' म्हणजे पैसे भरणं. दाखला द्यायला पैसे कसले भरायचे, म्हणून मी थांबले. अर्ज 'पाठवा' म्हणायचं होतं त्यांना! विचार करेपर्यंत वेळ संपली आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. मागे जायला गेले तर विचारणा झाली, 'रद्द करायचे आहे का?' खाली दोन बटणं: 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. आता सांगा, रद्द करायचं नसेल तर काय दाबायचं? मराठीच्या पेपरात मुलाने असं लिहिलं असतं तर मी त्याला जवळ बोलावून समजावलं असतं. इथे मीच जिवंत असल्याचं सिद्ध करायला धडपडत होते. असो.

यावर तरुण मंडळी म्हणतात, "सवयीने जमतं." जमतं ना. वाकड्या दारातून ये-जा करायचीही सवय होते, म्हणून दार सरळ होत नाही. दुसरे म्हणतात, "सुरक्षेसाठी थोडा त्रास हवाच." मान्य. पण पडदा समजत नाही तेव्हा म्हातारी माणसं काय करतात? पिन नातवाला सांगतात, दुकानातल्या पोराला सांगतात, ओटीपी वाचून दाखवतात. सुरक्षेच्या नावाने केलेली किचकट व्यवस्था माणसाला परक्याच्या हाती देते.

आणि हे काम काही अशक्य नाही. जुन्या बँकेत पैसे भरायची स्लिप वेगळी आणि काढायची वेगळी असायची. आमच्याकडच्या होड्या पाहा. रात्री होडीच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा. हा नियम साऱ्या जगात एक. काळोखात समोर लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर होडी आपल्याकडे येते आहे, नुसता पांढरा दिसला तर ती पाठमोरी आहे. शाळेचं तोंड न पाहिलेला तांडेलही क्षणात ओळखतो. येणारं कोण आणि जाणारं कोण, हे समुद्रावर अंधारात कळतं. मग हातातल्या लखलखीत पडद्यावर का कळू नये?

माझं मागणं फार नाही. पिनच्या चौकटीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहा: 'तुमच्या खात्यातून १,९०० रुपये जातील.' कुठलाही पडदा लोकांपुढे आणण्याआधी दहा मासेवाल्या, दहा पेन्शनर, दहा रिक्षावाले यांना बसवून दाखवा. पाच जण अडखळले तर पडदा बदला. मराठी लिहायला मराठी बोलणारा माणूस घ्या. आणि चूक झाली की 'पिन तुम्हीच टाकलात ना' हे पहिलं वाक्य नसावं.

शेजारणीने त्यानंतर कित्येक महिने फोनवर पैसे घेतले नाहीत, गिऱ्हाईकं गेली तरी. आता तिच्या टोपलीशेजारी आलेली रक्कम बोलून दाखवणारा तो छोटा डबा असतो. पैसे आले की मराठीत सांगतो, गेलेल्याबद्दल काही बोलत नाही. त्याच्यावर तिचा विश्वास आहे. फोनवर अजून नाही. काहीही आलं की पडदा माझ्यापुढे धरते आणि विचारते, "बाई, हे येवाचे का जावाचे?" दर वेळी मलाही चष्मा लावून दोनदा वाचावं लागतं.

तुमच्या घरी आई किंवा आजी फोन घेऊन अशी आली, तर एक करा. तिच्या हातातून फोन काढून घेऊन झटपट काम उरकू नका. पडद्यावर काय लिहिलंय ते आधी मोठ्याने वाचा. मग ठरवा, नापास कोण ते.